संकेतस्थळावरील त्रयस्थ स्क्रिप्ट आणि यजमान संस्थेची जबाबदारी : एक विवेचन

प्रस्तावना :

एका महाविद्यालयात प्रवेशप्रक्रियेच्या अखेरच्या दिवशी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला प्रसंग आरंभीच नमूद करणे उचित ठरेल. अर्ज भरण्याची मुदत सायंकाळी संपणार होती आणि सकाळपासून कार्यालयातील दूरध्वनी सारखा वाजत होता. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर अर्जाचे पृष्ठ उघडत नव्हते. पडदा नुसता पांढरा राहत होता. कार्यालयातील संगणकावर मात्र तेच पृष्ठ सुरळीत उघडत असल्याने ‘तुमच्याकडे रेंज नसेल’ असे उत्तर दिले जात होते. सर्व्हर दोनदा बंद करून पुन्हा सुरू करण्यात आला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. दुपारी पृष्ठाचा मूळ मजकूर ओळीओळीने तपासला तेव्हा दोष सापडला. काही वर्षांपूर्वी कोणीतरी मोफत मिळणारा ‘अभ्यागत गणक’ पृष्ठाच्या शीर्षभागात जोडला होता. तो पुरविणाऱ्या परक्या सर्व्हरने आता उत्तर देणे जवळजवळ थांबवले होते आणि ब्राउझर त्या उत्तराची वाट पाहत खोळंबला होता. कार्यालयातील संगणकांनी गणकाची जुनी प्रत आपल्याजवळ साठवून ठेवलेली असल्याने तेथे अडचण जाणवत नव्हती. ती एक ओळ काढताच पृष्ठ उघडू लागले. मुदत एक दिवसाने वाढवण्यात आली. परंतु सकाळी तालुक्याच्या गावी येऊन, सायबर कॅफेत पैसे मोजून, हात हलवत परत गेलेल्या किती विद्यार्थ्यांपर्यंत ती वार्ता पोहोचली, हे कधीच समजले नाही.

या प्रसंगात महाविद्यालयाचा सर्व्हर निर्दोष होता, अर्जाची आज्ञावली निर्दोष होती आणि विद्यार्थ्यांचे मोबाइलही निर्दोष होते. दोष होता तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याच्या सवयीत. आपल्या पृष्ठावर परक्याची आज्ञावली बसवताना आपण नेमके काय स्वीकारतो, ती आज्ञावली बेभरवशाची ठरल्यास काय घडते आणि त्यापासून पृष्ठाचे रक्षण कसे करावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या प्राध्यापकांवरही संकेतस्थळ समितीची जबाबदारी येत असल्याने विवेचन शक्यतो सुबोध ठेवले आहे.

संकल्पना स्पष्टीकरण :

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत तयार केली. या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीस सामान्यतः ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. पृष्ठाच्या एचटीएमएल मजकुरात स्क्रिप्टचा केवळ पत्ता दिला तरी ब्राउझर त्या पत्त्यावरून ती मागवतो आणि चालवतो. हा पत्ता संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरचा नसून अन्य कोणाच्या सर्व्हरचा असेल, तर तिला ‘त्रयस्थ स्क्रिप्ट’ म्हणता येईल. वाचकसंख्या मोजणारी साधने, भाषांतराची पट्टी, समाजमाध्यमांच्या चौकटी, गप्पायंत्र म्हणजेच चॅटबॉट, नकाशे आणि जाहिराती ही तिची परिचित उदाहरणे होत. ज्या पृष्ठावर ती बसवली जाते त्यास येथे ‘यजमान पृष्ठ’ म्हटले आहे.

येथे एक मूलभूत बाब ध्यानात घेतली पाहिजे. एका संकेतस्थळाच्या पृष्ठाने दुसऱ्या संकेतस्थळाच्या पृष्ठातील माहिती वाचू नये, अशी मर्यादा ब्राउझरने घातलेली आहे. तिला ‘समान उगम धोरण’ म्हणतात. परंतु ही मर्यादा स्क्रिप्ट कोठून आली हे पाहत नाही. ती कोणत्या पृष्ठात चालते आहे एवढेच पाहते. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरून आलेली स्क्रिप्ट यजमान पृष्ठात चालू लागली की तिला पृष्ठाच्या स्वतःच्या स्क्रिप्टइतकेच अधिकार प्राप्त होतात. ती मजकूर बदलू शकते, अर्जात टंकलेली अक्षरे वाचू शकते, ती अन्यत्र पाठवू शकते आणि वाचकाला भलत्याच ठिकाणी नेऊ शकते. गणक बसवणाऱ्यास वाटते की आपण भिंतीवर घड्याळ लावले. प्रत्यक्षात त्याने घड्याळजीला घराची किल्ली दिलेली असते.

दुसरी बाब काळाविषयीची आहे. त्रयस्थ स्क्रिप्टचा पत्ता एकदाच लिहिला जातो, परंतु मजकूर वारंवार नव्याने मागवला जातो. ज्या दिवशी आपण ती तपासली त्या दिवशी ती निर्दोष असेल; उद्या त्याच पत्त्यावर काय मिळेल हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही. विश्वास एकदा ठेवला जातो, त्याची परीक्षा मात्र पृष्ठ उघडणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते.

अविश्वसनीयतेचे प्रकार :

विवेचनाच्या सोयीसाठी अविश्वसनीयतेचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार विलंबाचा. ब्राउझर पृष्ठाचा मजकूर वरून खाली वाचत जातो. वाटेत साध्या पद्धतीने जोडलेली स्क्रिप्ट आली की ती येऊन चालून होईपर्यंत पुढील मजकुराची मांडणी थांबते. येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पूर्णपणे बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा रेंगाळणारा सर्व्हर अधिक उपद्रवी असतो. पत्ताच अस्तित्वात नसेल तर ब्राउझरला नकार तत्काळ कळतो आणि तो पुढे जातो. सर्व्हर उत्तरही देत नाही आणि नकारही देत नाही, अशा वेळी मात्र ब्राउझर स्वतःची कालमर्यादा संपेपर्यंत तिष्ठत राहतो. ही मर्यादा कित्येक सेकंदांची, प्रसंगी मिनिटांची असते. तेवढा वेळ कोणताही वाचक थांबत नाही.

दुसरा प्रकार बदलाचा. स्क्रिप्ट पुरविणाऱ्याने सूचना न देता तिच्यात फेरफार केला, त्याच्या सर्व्हरवर घुसखोरी झाली किंवा पत्त्याची मालकीच दुसऱ्याकडे गेली, तर यजमान पृष्ठातील एकही अक्षर न बदलता त्याचे वर्तन पालटते. बंद पडलेल्या सेवेचे नाव मुदत संपल्यावर कोणीही विकत घेऊ शकतो, हेही येथे लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार अनाठायी स्थानाचा. स्क्रिप्ट स्वतः ठीक असते, परंतु जेथे तिचे काम नाही अशा पृष्ठावर ती बसवलेली असते. मुखपृष्ठावर चालून जाणारी चौकट शुल्क भरण्याच्या पृष्ठावर धोक्याची ठरते.

तीन घटना :

वरील प्रकार केवळ तर्काने मांडलेले नाहीत. अलीकडील तीन घटनांवरून ते स्पष्ट होतील.

पहिली घटना ११ फेब्रुवारी २०१८ ची. उत्तर आयर्लंडमधील टेक्स्टहेल्प या कंपनीची ‘ब्राउझअलाउड’ ही स्क्रिप्ट संकेतस्थळावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवत असे. वाचनात अडचण असणाऱ्या व्यक्तींच्या सोयीसाठी ब्रिटनमधील अनेक सार्वजनिक संस्थांनी ती बसवली होती. त्या दिवशी ही स्क्रिप्ट अज्ञात व्यक्तींनी बदलली आणि वाचकांच्या संगणकावर मोनेरो या आभासी चलनाचे उत्खनन करणारी आज्ञावली तिच्यात घातली. चार हजारांहून अधिक संकेतस्थळांवर तिचा परिणाम झाला. माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणारे ब्रिटनचे माहिती आयुक्त कार्यालयही त्यांत होते. हेतू लोकोपयोगी होता आणि पुरवठादार प्रतिष्ठित होता. तरी एक फाईल बदलताच हजारो दारे एकाच वेळी उघडली गेली.

दुसरी घटना त्याच वर्षीची. तिकीटविक्री करणाऱ्या टिकेटमास्टर या कंपनीच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावर इन्बेंटा या कंपनीचे गप्पायंत्र होते आणि ते पैसे भरण्याच्या पृष्ठावरही बसवलेले होते. हल्लेखोरांनी इन्बेंटाकडील स्क्रिप्ट बदलली आणि ग्राहकांनी टंकलेले कार्डाचे तपशील त्यांच्या हाती जाऊ लागले. पैशाच्या पृष्ठावर आपली स्क्रिप्ट वापरली जात असल्याची कल्पना आपणास नव्हती, असे इन्बेंटाचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने टिकेटमास्टरला १२ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. स्क्रिप्ट दुसऱ्याची असली तरी ती कोठे बसवावी याचा निर्णय यजमानाचा होता, ही बाब या निर्णयातून अधोरेखित झाली.

तिसरी घटना २०२४ ची. जुन्या ब्राउझरांत नसलेल्या सुविधा भरून काढणारी ‘पॉलिफिल’ ही मोफत सेवा अनेक वर्षे विनातक्रार चालली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या संकेतस्थळाचे नाव फनल या चिनी कंपनीकडे गेले. मूळ प्रकल्पाचे निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी ही सेवा आपल्या पृष्ठांवरून काढून टाकावी, असे तेव्हाच जाहीरपणे सांगितले होते. २५ जून २०२४ रोजी सॅनसेक या सुरक्षा संस्थेने उघड केले की, या पत्त्यावरून येणारी स्क्रिप्ट मोबाइलवरील वाचकांना सट्टेबाजीच्या संकेतस्थळाकडे वळवत आहे. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर विसंबून होती. ही स्क्रिप्ट ठराविक वेळी आणि ठराविक मोबाइलवरच आपले रूप दाखवी. व्यवस्थापक पाहत असल्याचा संशय आल्यास ती गप्प राही. ‘आमच्याकडे तर नीट दिसते’ हे व्यवस्थापकाचे उत्तर येथेही फसवे ठरले असते.

उपाययोजना :

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्क्रिप्ट काढून टाकणे. पॉलिफिल ज्या जुन्या ब्राउझरांसाठी आवश्यक होती ते बहुतांशी वापरातून गेले होते. गरज संपली तरी ओळ राहिली. अनेक संकेतस्थळांवर अशा ओळी माजघरातील अडगळीप्रमाणे साचलेल्या असतात.

दुसरा उपाय स्क्रिप्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचा. परवाना अनुमती देत असल्यास विशिष्ट आवृत्तीची प्रत आपल्याकडे ठेवावी. पूर्वी याविरुद्ध असा युक्तिवाद केला जाई की, अनेक संकेतस्थळांनी एकाच सामायिक पत्त्यावरून स्क्रिप्ट घेतल्यास ती वाचकाच्या संगणकात आधीच साठवलेली असते आणि वेळ वाचतो. आता प्रमुख ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र साठा ठेवतात. क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ही पद्धत स्वीकारली. त्यामुळे तो लाभ उरलेला नाही. अर्थात, प्रत आपल्याकडे ठेवली की तिच्यातील दोषदुरुस्तीवर लक्ष ठेवण्याचे कामही आपलेच होते.

तिसरा उपाय प्रतीक्षा टाळण्याचा. स्क्रिप्टच्या ओळीत ‘असिंक’ हा शब्द घातल्यास ब्राउझर ती येईपर्यंत पृष्ठाची मांडणी थांबवत नाही. ती येईल तेव्हा चालवतो. ‘डिफर’ हा शब्द घातल्यास पृष्ठाचा मजकूर वाचून झाल्यावर, दिलेल्या क्रमानेच, स्क्रिप्ट चालवल्या जातात. दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. क्रम पाळला जात असल्याने ‘डिफर’च्या रांगेत पुढे उभी असलेली त्रयस्थ स्क्रिप्ट रेंगाळली, तर तिच्या मागची आपली स्वतःची स्क्रिप्टही अडकते. म्हणून ज्या त्रयस्थ स्क्रिप्टवर आपले कोणतेही काम अवलंबून नाही तिला ‘असिंक’ अधिक योग्य होय. तथापि, पृष्ठ पूर्णपणे उतरल्याची अंतिम सूचना ‘असिंक’ स्क्रिप्टसाठीही थांबते. अर्जाचे काम त्या सूचनेवर टांगून ठेवू नये.

चौथा उपाय अनुपस्थिती गृहीत धरण्याचा. त्रयस्थ स्क्रिप्टने पुरवलेले कार्य वापरण्यापूर्वी ते अस्तित्वात आहे का, हे आपल्या आज्ञावलीने तपासावे. ते नसेल तर त्याविना पुढे जावे. नकाशा न आल्यास पत्ता अक्षरांत दिसावा, समाजमाध्यमाची चौकट न आल्यास साधा दुवा दिसावा. अर्ज भरणे, निकाल पाहणे आणि सूचना वाचणे ही कामे मात्र कोणत्याही परक्या स्क्रिप्टविना पार पडली पाहिजेत.

पाचवा उपाय वेगळ्या खोलीचा. ‘आयफ्रेम’ म्हणजे पृष्ठाच्या आत उघडणारे स्वतंत्र पृष्ठ. परक्या पत्त्यावरील आयफ्रेमला समान उगम धोरणामुळे यजमान पृष्ठातील मजकूर वाचता येत नाही. ‘सँडबॉक्स’ या गुणधर्माने तिच्यावर आणखी निर्बंध घालता येतात. चित्रफिती आणि नकाशे या मार्गाने बसवणे अधिक सुरक्षित होय. पाहुण्याला ओसरीवर बसवण्याची ही रीत आहे. त्याचा मान राहतो आणि माजघरही सुरक्षित राहते.

सहावा उपाय मुद्रेचा. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने जून २०१६ मध्ये ‘सबरिसोर्स इंटेग्रिटी’ ही शिफारस अंतिम केली. तिच्यानुसार स्क्रिप्टच्या ओळीत त्या फाईलची गणिती मुद्रा लिहिता येते. आलेल्या फाईलची मुद्रा जुळली नाही तर ब्राउझर ती चालवतच नाही. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी मुद्रा बदलते.

सातवा उपाय अनुमतीच्या यादीचा. ‘कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी’ या सूचनेद्वारे सर्व्हर ब्राउझरला सांगतो की, कोणत्या पत्त्यांवरील स्क्रिप्ट चालवाव्यात आणि कोणत्या पत्त्यांकडे माहिती पाठवू द्यावी. आरंभी केवळ उल्लंघनाची नोंद करणाऱ्या पद्धतीने ती लागू करून पाहता येते.

उपायांच्या मर्यादा :

यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा नाही. मुद्रा जुळवण्याची पद्धत स्थिर फाईललाच लागू पडते. पॉलिफिल सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळा मजकूर देत असल्याने तिला एकच मुद्रा लावणे शक्य नव्हते. पुरवठादार वरचेवर बदलत असलेल्या स्क्रिप्टबाबतही हीच अडचण येते. अनुमतीच्या यादीत ज्याचे नाव आहे तोच उलटला, तर त्याची स्क्रिप्ट ही यादी रोखत नाही. माहिती बाहेर जाण्याचे मार्ग तेवढे ती अरुंद करते. ‘असिंक’मुळे विलंब टळतो, परंतु दुष्ट स्क्रिप्ट उशिरा आली म्हणून सुष्ट होत नाही. म्हणून आधी स्क्रिप्टची संख्या कमी करणे, मग उरलेल्यांना त्यांच्या जागी बांधून ठेवणे, हा क्रम सोडता कामा नये.

महाविद्यालयांसाठी शिफारशी :

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, जातीच्या दाखल्याचा तपशील, पालकांचे उत्पन्न आणि बँक खाते अशी माहिती असते. भारतीय संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात, माहिती गोळा करणाऱ्याने तिच्यावरील प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते, असे तत्त्व आहे. ‘संकेतस्थळ एजन्सीने केले होते’ हे उत्तर यापुढे पुरेसे ठरणार नाही. या पार्श्वभूमीवर पुढील शिफारशी करण्यात येत आहेत.

१. संकेतस्थळावरील सर्व त्रयस्थ स्क्रिप्टची नोंदवही ठेवावी. स्क्रिप्ट कोणाची, कोणत्या पृष्ठावर, कोणत्या कामासाठी, कोणी आणि केव्हा बसवली, हे तीत लिहावे. ज्या ओळीचे कारण कोणालाही सांगता येत नाही ती काढून टाकावी.

२. प्रवेश अर्ज, शुल्क भरणा आणि लॉगिन या पृष्ठांवर गणक, गप्पायंत्र किंवा समाजमाध्यमांची चौकट असू नये. शुल्क भरण्यासाठी अधिकृत सेवेची स्क्रिप्ट आवश्यक असल्यास तेवढीच ठेवावी.

३. प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी संकेतस्थळाची तपासणी महाविद्यालयाबाहेरून, साध्या मोबाइलवरून, जुना साठा पुसून करावी. ब्राउझरमध्ये त्रयस्थ पत्ते मुद्दाम अडवून अर्ज पूर्ण भरता येतो का, हेही पाहावे.

४. संकेतस्थळ तयार करणाऱ्या एजन्सीशी होणाऱ्या करारात, समितीच्या लेखी संमतीविना त्रयस्थ स्क्रिप्ट जोडू नये, असे कलम असावे.

५. विद्यार्थ्याने केलेली तक्रार ही पहिली तांत्रिक नोंद मानावी. त्याचा मोबाइल, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र मागून घ्यावे.

समारोप :

त्रयस्थ स्क्रिप्टचा संपूर्ण त्याग करावा, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन नाही. परस्परांच्या श्रमाचा उपयोग करून घेणे हाच महाजालाचा पाया आहे. परंतु परक्याची आज्ञावली आपल्या पृष्ठावर बसवणे हा तांत्रिक सोयीचा भाग नसून अधिकार सोपवण्याचा निर्णय आहे, आणि तो निर्णय जाणीवपूर्वक, नोंद ठेवून, मर्यादा आखून घेतला गेला पाहिजे. पृष्ठ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातील ओळी कोणाच्या आहेत हे दिसत नाही. त्याला केवळ महाविद्यालयाचे नाव दिसते. त्याने विश्वास ठेवलेला असतो तो त्या नावावर. आरंभीच्या प्रसंगात कार्यालयाने त्याला ‘तुमच्याकडे रेंज नसेल’ असे सांगितले, तेव्हा गणक तर बंद होताच. त्याच्या जोडीला आपण ऐकूनही घेत नव्हतो. पहिला दोष एक ओळ काढून दूर करता आला. दुसरा दोष दूर करण्यासाठी संस्थेलाच आपली सवय बदलावी लागेल.